खंडेनवमीचा पाना

वडणग्याचा फाटा मागं पडला आणि खेट्याची गर्दी दोन वाटांनी फुटली. गायमुखाच्या वाटेनं जाणाऱ्या बायका ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणत आत वळल्या. शालूबाई मात्र डांबरी रस्त्यानं सरळ निघाल्या, कारण संगं आलेला मुनव्वर, त्यांच्या कृष्णातचा, म्हणजे मुलाचा मित्र, सरळ जाणार होता. माघातल्या रविवारी जोतिबाला अनवाणी चालत जायचा हा त्यांचा दुसरा खेटा. पंचगंगेवर अंघोळ करून अंधारातच घाट सोडलेला, आता उजाडून उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या होत्या. चालून चालून पायाचे तळवे बधिर झाले होते.

मुनव्वरच्या चपला त्याच्या हातात होत्या. शिवाजी पूल ओलांडल्यापासून त्या हातातच होत्या.

“अरं, घाल की त्या पायात,” शालूबाई म्हणाल्या. “खेटा माझा हाय. तुझा काय नवस?”

“तुम्ही अनवाणी आन् मी चपला वाजवत संगं. बरं दिसतंय व्हय, काकी?”

“कुणाला दिसतंय? म्हसरांना?”

“मला दिसतंय की.”

त्याचं हे लहानपणापासूनचं. शालूबाईंच्या कृष्णातबरोबर एका बाकावर शिकला, त्यांच्या हातची भाकरी खाऊन वाढला, पण घरात आरती चालू असली की उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा. आत ये म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही. शालूबाई ओरडायच्या, “अरं, तू काय पावणं हायस काय?” तो हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उंबऱ्याबाहेरच.

मागून एक मोटारसायकल आली. वर तिघं पोरं, पेठेतलीच. जवळ आल्यावर गाडी हळू झाली.

“काय मिस्त्री, चालत? गाडीची चाकं ढिली हाईत व्हय?”

मागचे दोघं फिदीफिदी हसले.

“थांब, सुक्काळीच्या! तुझ्या आईलाच येऊन सांगते!” शालूबाईंनी हात उगारला, तोवर गाडी पुढं पळाली होती. मुनव्वर चालतच राहिला. त्यानं चपला ह्या हातातून त्या हातात घेतल्या.

त्याचा बाप लालासाब शिवाजी पेठेत तालमीच्या बोळात पंक्चर काढायचा. आजा बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचा. लोखंडाची धाव भट्टीत लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं, की ती आकसून चाकाला आवळून धरायची. “आमच्या घराण्यात चाकच हाय,” असं मुनव्वर सांगायचा आणि हसायचा. हसत होता तेव्हाची गोष्ट. दहावी झाल्यावर तो पुण्याला एका मोठ्या टायरच्या दुकानात राहिला, तिथं अलॉय चाकांचं काम शिकला आणि परत आला. कृष्णातच्या वडिलांची उद्यमनगरात लेथ मशीनची शेड होती. ते गेल्यावर दोघांनी मिळून त्या शेडमध्ये दुकान काढलं. कृष्णातनं गिऱ्हाईक बघायचं आणि मुनव्वरनं चाकं. पेठेच्या फुटबॉल टीमलाही दोघं असेच खेळले. कृष्णात पुढं पळणार, आरडाओरडा करणार. मुनव्वर गोलात उभा, गप.

दुकान चांगलं चाललं. सांगली, निपाणीपासून गाड्या यायच्या. आणि गेल्या दसऱ्याला सगळं फिरलं.

सम्राट नावाचा एक तरुण होता. बापाची वीटभट्टी, पोराला हौस. त्यानं पुण्यातून कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार आणली. लाल, बसकी, दोन दारांची. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं. तिची कंपनीची चाकं काढून रुंद, काळी अलॉय चाकं बसवायची होती, वर पातळ कडांचे टायर. आणि दसऱ्याला गाडीला हार घालून फोटो काढायचे होते.

मुनव्वरनं नवरात्राच्या आधीपासून काम धरलं. चाक आतल्या सळीला घासत नाही ना, ते बघितलं. चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबापेक्षा मोठं होतं, म्हणून चाक डुलू नये यासाठी मधे बसणाऱ्या कड्या मागवल्या. टायर चढवले, बॅलन्स केले. पण गाडीचे जुने बोल्ट नव्या चाकांत चालत नव्हते. जुन्यांचं बूड गोल, नव्या चाकांची खाच निमुळती. “बसल्यागत वाटंल,” तो सम्राटला म्हणाला, “पण बसणार न्हाय. बोल्ट येऊ द्या. त्याबिगर मी चाक लावत न्हाय.”

बोल्ट आले ते खंडेनवमीला दुपारी.

खंडेनवमीला दुकानात पूजा असते. कृष्णातच्या वडिलांपासूनची रीत. आदल्या दिवशी सगळी हत्यारं डिझेलनं पुसायची, सकाळी पाटावर लाल कापड घालून मांडायची. जॅक, पाने, हातोडे, एअर गन. मधोमध टॉर्क पाना. हा पाना म्हणजे दुकानातली सगळ्यात जपायची वस्तू. बोल्ट जेवढा आवळायचा तेवढा आकडा त्याच्यावर लावायचा. तेवढा आवळला की तो टक्क वाजतो. लोखंडी चाक असलं तर जोर लावून चालून जातं. अलॉय नाजूक, जास्त आवळलं तर आटा जातो, कमी पडलं तर बोल्ट सुटत येतो. म्हणून शेवटचा हात टॉर्क पान्याचाच. पूजेत त्याला मधोमध ठेवायचं शालूबाईंनीच ठरवलेलं. त्याला पहिलं हळदीकुंकू, त्याच्यावर झेंडूचा हार. आणि पूजा झाली की दरवर्षी त्या मोठ्यानं बजावायच्या, “उद्या सकाळी नारळ फुटल्याबिगर एकाबी हत्याराला हात लावायचा न्हाय. सांगून ठेवते.”

त्या वर्षीही बजावलं. कृष्णात म्हणाला, “आई, तुझंच राज्य हाय.” आणि पूजा आटोपून बायकोपोरांना घेऊन आजऱ्याला सासुरवाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला दुपारी, पन्हाळा रोडला केर्लीच्या अलीकडच्या फाट्यावर सम्राटच्या गाडीचं पुढचं डावं चाक निघालं. निघालेलं चाक गाडीच्याही पुढं पळालं. फाट्यावर धोंडुबाई नावाची म्हातारी उकडलेल्या शेंगांची बुट्टी घेऊन बसायची. चाक तिच्या अंगावर गेलं. ती जागेवरच गेली. सम्राटला खरचटलंसुद्धा नाही.

पोलिसांनी दुकानातूनच मुनव्वरला नेलं. टॉर्क पाना लावला होता काय, असं विचारलं. तो म्हणाला, “न्हाय. घाईत विसरलो.” दोन दिवसांनी जामिनावर सुटून आला तेव्हा कृष्णात त्याच्यावर तुटून पडला. “विसरलास? तू? दाराची कडी लावलीस का म्हणून दोनदा परत येऊन बघणारा तू विसरलास?” मुनव्वर खाली बघत राहिला. तेव्हापासून कृष्णात त्याच्याशी बोलत नव्हता. दुकानात मुनव्वर आता झाडू मारायचा, टायर उचलून ठेवायचा. बोल्टाला हात लावायचा नाही. आणि अलीकडं कृष्णात वाटणीची भाषा बोलू लागला होता.

शालूबाईंनीही आधी खरंच मानलं होतं की पोरगं विसरलं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी घरात पूजा मांडताना त्यांचा हात थांबला. दसऱ्याला सकाळी नारळ फोडून त्यांनी स्वतःच हत्यारं उचलली होती. टॉर्क पान्यावर त्यांची हळदीकुंकवाची बोटं जशीच्या तशी होती. हार जागचा हलला नव्हता. डोळ्यासमोर झेंडूचा हार घालून ठेवलेली वस्तू माणूस विसरतो कशी?

तेवढ्यासाठी त्या आज डांबरी रस्त्यानं आल्या होत्या. मुनव्वर दर रविवारी धोंडुबाईच्या त्या फाट्याला चालत जातो, हे त्यांना त्याच्या बायकोनं, नजीरानं सांगितलं होतं.

“उद्या सोमवारी साक्षी हाईत न्हवं?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“वकील काय म्हणतोय?”

“विसरलो म्हटल्यावर शिक्षा होणार म्हणतोय. कमी-जास्त जज्जसाहेबाच्या हातात.”

“मग म्हणतोस कशाला?”

फाटा आला होता.

बाभळीला बांधलेल्या ताडपत्रीखाली धोंडुबाईचा नवरा आकाराम बसला होता. समोर शेंगांची बुट्टी, बाजूला पाण्यानं भरलेली घागर. त्याला लांबूनच चाहूल लागली.

“आलास काय?”

“आलो, तात्या.”

“मुडदा बशिवला तुझा,” आकाराम म्हणाला. आवाजात राग म्हणावा असं काही नव्हतं. रोजची हाक मारावी तसं म्हणाला. “ती घागर सावलीत सरकीव. मला उचलत न्हाय.”

मुनव्वरनं घागर सरकवली. ताडपत्रीची एक दोरी सुटली होती, ती बांधली. सांडलेल्या टरफलांचा ढीग ओंजळीनं उचलून उकिरड्यावर टाकून आला. आकाराम शालूबाईंकडं बघत होता.

“ह्या कोण?”

“माझ्या काकी. खेट्याला निघाल्यात.”

“देवाला जाताय न्हवं? मग इचारा त्येला,” आकाराम म्हणाला. “आमची म्हातारी मुंगीवर पाय देत न्हवती. तिच्यावरच कसं आलं, एवढं इचारा.”

आकारामनं दोन मुठी शेंगा त्यांच्या पदरात घातल्या. नको म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. निघताना मुनव्वर त्याच्या पाया पडायला वाकला, तसा आकारामनं पाय आखडून घेतले. तोही दर रविवारचाच प्रकार असावा, कारण दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

इथून त्यानं परत फिरायचं होतं. पण जोतिबाचा रस्ता जिथं उजवीकडं चढतो, तिथपर्यंत तो शालूबाईंना सोडायला निघाला. चढाच्या तोंडाला एक कठडा होता. शालूबाई टेकल्या. तो उभाच.

“बस.”

“बरा हाय.”

“बस म्हणते न्हवं!”

तो कठड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

“पाना तू विसरला न्हाईस,” शालूबाई म्हणाल्या. “माझी कुंकवाची बोटं तशीच हुती त्याच्यावर. मी उचलला सकाळी. आता खरं सांग. मी खेट्याच्या वाटंवर हाय, ही वाट बघून सांग.”

मुनव्वर रस्त्याकडं बघायला लागला. खाली उसाची ट्रॉली घरघरत गेली.

“सम्राट आला बोल्ट घेऊन,” तो म्हणाला. “शटर अर्धं वढलेलं. गाडी बाहेर उभी केलेली. म्हटलं, आज काम न्हाय, पूजा झालीया. तर म्हणतोय, उद्या फोटोला माणसं बोलावल्यात, नुसती चाकं चढवून दे. मग म्या तुमच्या एकाबी हत्याराला शिवलो न्हाय, काकी. त्याच्याच डिकीतला जॅक घेतला. त्याच्याच डिकीतला आखूड पाना. हातानं आवळलं जेवढं आवळायचं तेवढं. आन् मग आत गेलो.”

“पाटाम्होरं?”

“व्हय. टॉर्क पाना म्होरंच. हात लांब केला की हातात. केलताबी लांब.” त्यानं आपला उजवा हात जरासा उचलला आणि गुडघ्यावर ठेवून दिला. “कृष्णात असता तर मी म्हटलं असतं, काढ रं. त्यानं नमस्कार केला असता आन् काढला असता. तुम्ही त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या, झालं. त्याच्या घरची पूजा. मी कसा काढू? दुकानात कुणी नसताना, मी, हार बाजूला करून?”

“माझ्याकडं यायचं हुतं. मी दिला असता काढून. अंबाबाईची आण, दिला असता.”

“आता म्हणताय.”

शालूबाई पदरातल्या शेंगा चाळवू लागल्या. दिला असता का? त्या दुपारी घरी पुरणाचा घाट पडलेला, नणंदा आलेल्या. मुनव्वर दारात येऊन पाना काढू का म्हणाला असता, तर त्या काय म्हणाल्या असत्या? ‘उद्या घे की, एक दिवस धीर न्हाय धरवत?’ असंच तोंडातून गेलं असतं, न बघताच.

“सम्राटला सांगितलंतं,” मुनव्वर म्हणाला. “सकाळी नारळ फुटला की ये, पाना मारून देतो. तवर हळू चालीव, घाटाला जाऊ नको. मान हलिवली त्यानं, मोबाईलवर बघत बघत. सकाळी फोन केला तर म्हणतोय, येतो दुपारनं. आन् पन्हाळ्याच्या वाटंलाच गेला.”

“मग हे सगळं मी सांगते की कोर्टात! सोमवारी उभी राहते. पूजेचा पाना हुता म्हणून पोरानं हात लावला न्हाय, माझा मान ठेवला. विसराळू न्हाय, हयगय करणारा न्हाय. देवाशपथ सांगते. माझं कोण काय वाकडं करतंय?”

“तुमचं न्हाय करणार.”

“मग?”

“तुम्ही एवढं सांगणार, काकी. आन् कोर्टाबाहेर काय जाणार? मुसलमान मिस्त्री म्हणतोय, ह्यांच्या पूजेनं बाई मेली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर. दुसऱ्या दिशी शटरवर दगड.”

“कोण मारतंय तेच बघते! मी उभी राहते शटरम्होरं.”

“मागल्या खेपेला कोण उभं राहिलंतं?”

हे त्यानं रागानं विचारलं नाही. मागच्या खेपेला, मोबाईलवरच्या कुठल्याशा चित्रावरून गावात धिंगाणा झाला, तेव्हा नजीराच्या भावाच्या बेकरीच्या काचा फुटल्या. त्या दिवशी शालूबाईंनी दाराला आतून कडी घातली होती. देवघरात दिवा लावून बसल्या होत्या. सगळी गल्ली तशीच बसली होती. मुनव्वरनं ते कधी काढलं नव्हतं. आजही तेवढं एकच बोलून थांबला.

“कृष्णातला तरी कळू दे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दुकानाची वाटणी करतोय तो. तुम्ही दोघं… त्याला वाटतंय तू त्याचं नाव बुडिवलंस. तुझं तोंड बघत न्हाय. घरात जेवताना सुद्धा तुझा विषय काढला की ताटावरनं उठतोय.”

“उठू दे.”

“आन् तू आत गेल्यावर? नजीरानं काय करायचं? कृष्णात बघंल म्हणतोस व्हय, असा रागात असताना?”

“विसरला म्हणून शिव्या घालतोय, घालू दे. राग गेला की बघंल. त्याला मी वळखतो. पण खरं कळलं तर तो गप बसणार व्हय, काकी? चौकात उभा राहून वरडंल. माझ्या दोस्तानं आमच्या पूजेचा मान ठेवला, असं म्हणत फिरंल. आन् ते ऐकून घ्यायला येणारे कुठले असतील ते तुम्हाला ठाऊक हाय. त्याला दगड लागला तर?”

शालूबाईंनी डोळे पुसले. पदरातल्या शेंगा ओलसर लागत होत्या.

“आन् तसं बघितलं तर माझीच चूक म्हणतो, त्यात खोटं कुठं हाय?” मुनव्वर म्हणाला. “पूजेनं कुणाला मारलं न्हाय. पाना घ्यायचा नव्हता तर गाडीची किल्ली द्यायची नव्हती. दुकानात ठेवून घ्यायची गाडी, दुसऱ्या दिवसापर्यंत. सम्राट वरडला असता, वरडू द्यायचं. ते म्या केलं न्हाय. त्याला नको म्हणायला कसंतरी वाटलं आन् तुमच्या पाटाला हात लावायलाबी कसंतरी वाटलं. दोन्हीकडं बरं दिसाय गेलो, आन् म्हातारी गेली. आता त्यात देवाचं नाव कशाला आणायचं?”

शालूबाईंना वाटलं, ह्याला म्हणावं की देवाला आणायची गरज नाही, तो होताच तिथं. सगळं बघत होता. पण मग त्यानं हात का नाही धरला त्या सम्राटचा, असं आकारामसारखंच कुणी विचारलं तर? वरच्या डोंगरावरून ढोलाचा आवाज येत होता. गायमुखाच्या वाटेनं गेलेल्या बायका आता निम्म्या वर पोचल्या असतील.

त्या उठल्या. चढ अजून पुष्कळ बाकी होता. मुनव्वरही उठला. चपला अजून त्याच्या हातात होत्या. त्यानं इकडं तिकडं बघितलं, रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी तो जवळ आला आणि आवाज खाली आणला.

“काकी, सोमवारी तुम्ही कोर्टात येऊ नगासा. आन् कृष्णातला ह्यातलं एक अक्षर सांगू नगासा. मी आत गेलो तरीबी न्हाय. एवढं करा माझ्यासाठी.”